हात लावू नये

त्या प्रोग्रॅममध्ये एक लाख चाळीस हजार ओळी होत्या आणि ऑफिसात मान होता तो त्यांतल्या एकाच ओळीला.

दिसायला ती अगदी साधी होती. तिचा अर्थ एवढाच, की पुढचं काम हातात घेण्याआधी दोन सेकंद थांब. मात्र तिच्या डोक्यावर कुणीतरी अक्षरं रोमन पण भाषा मराठी अशी टीप लिहून ठेवली होती: 'हात लावू नये.' विजेच्या खांबावर असते तशी. कवटी आणि दोन हाडं तेवढी काढायची राहिली होती.

कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. यंत्रातून आकडे निघायचे, प्रोग्रॅम ते उचलायचा, पेशंटच्या नावाखाली मांडायचा आणि रिपोर्ट छापायचा. बारा वर्षं हे काम बिनबोभाट चालू होतं, आणि ते त्या ओळीमुळेच चालू आहे अशी सगळ्यांची श्रद्धा होती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बसायची खुर्ची, पाण्याची जागा आणि ती ओळ दाखवली जाई. ती जुन्या साहेबांनी लिहिली, असं सांगत. जुने साहेब कंपनी सोडून गेले होते आणि गेलेल्या माणसाची हुशारी दरवर्षी वाढत जाते, तशी त्यांचीही वाढली होती. एकाने एकदा चाचणीच्या मशीनवर ती ओळ काढून पाहिली तर त्याच आठवड्यात त्याचं लग्न मोडलं. ते आधीपासूनच मोडत आलं होतं, पण तेवढं कोण लक्षात ठेवतो.

ही सगळी पुराणं नव्यांना ऐकवायचं काम आजोबांकडे होतं. आजोबा बेचाळीस वर्षांचे होते. इतर धंद्यांत या वयाला माणूस उमेदीचा म्हणतात. या धंद्यात चाळिशी ओलांडली की पोरं हात धरून जिना उतरवायला येतात. आजोबांनी हे नाव तक्रार न करता घेतलं होतं, कारण आजोबांना कुणी प्रश्न विचारत नाही, गोष्टीच सांगायला लावतात. आणि आजोबा गोष्टी फार छान सांगत.

त्यांची खास गोष्ट दुसरीच होती. सहा वर्षांपूर्वी एका लॅबमधून साठी उलटलेल्या एका गृहस्थांना रिपोर्ट गेला: 'गर्भधारणा: होय.' आणि त्याच सकाळी एका नवविवाहितेला, तिच्या प्रोस्टेटची तब्येत उत्तम असल्याचं लेखी कळवण्यात आलं. चौकशी झाली. कंपनीने कळवलं की सॉफ्टवेअर निर्दोष आहे, नावं टाइप करणाऱ्या बाईंकडून अदलाबदल झाली असावी. प्रकरण मिटलं, गोष्ट उरली. आजोबा ती सांगताना त्या गृहस्थांची चाल, बायकोकडे टाकलेला अपराधी कटाक्ष, सगळं करून दाखवत. दर निरोपसमारंभात फर्माईश व्हायची. शेवटचं वाक्य सगळे कोरसमध्ये म्हणत: "टायपिंगबाईंचा विजय असो!"

आजोबांनी एकच गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

बारा वर्षांपूर्वी ते कंपनीत नवे होते आणि सगळं ऑफिस साहेबांच्या एकाच लॉगिनवर काम करायचं. रिपोर्ट अधूनमधून एकमेकांत मिसळत होते. का, ते कळेना. आजोबांनी हे बदल, ते बदल करत शेवटी दोन सेकंदांची विश्रांती घातली आणि मिसळणं थांबलं. का थांबलं, तेही कळेना. तेव्हा त्यांनी एक करण्याजोगी गोष्ट केली. 'हात लावू नये' असं लिहिलं आणि घरी गेले.

*

नव्या मॅडम आल्या त्या एकतीस वर्षांच्या. "मला मॅडम म्हणू नका," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळे म्हणाले, "बरं, मॅडम."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ती ओळ पडद्यावर लावली आणि विचारलं, "हे दोन सेकंद कुणाचे?"

देवघरासमोर बसतात तसे सगळे सावरून बसले.

"जुन्या साहेबांची," कुणीतरी म्हणालं.

"पण कशासाठी?"

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खिडकीकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात तीस नव्या लॅब जोडायच्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक रिपोर्टमागे दोन सेकंद थांबायला आपण काय फोटो काढून घेतोय? कारण सापडलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेरच्या गुरुवारी काढून टाकू." मग जाताजाता आजोबांच्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाल्या, "प्रधान अभियंत्याच्या जागेसाठी तुमचं नाव दिलंय मी. मुलाखतीत फंडामेंटल्स विचारतील. तुमचे पक्केच असणार म्हणा."

"हो, ते काय," आजोबा म्हणाले.

'हो, ते काय' हे मराठी माणूस दोनच वेळी म्हणतो. एक, गोष्ट अगदी येत असेल तेव्हा. आणि दोन, ती मुळीच येत नसेल तेव्हा.

आजोबांचं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. पदवीनंतर काही वर्षांनी सहा महिन्यांचा एक क्लास केला आणि या धंद्यात शिरले, ते चौदा वर्षं टिकले. कुठली ओळ कुठून उचलायची आणि कुठे चिकटवायची याचा हात बसला होता. पण आतमध्ये नक्की काय चालतं, हे त्यांना कधी समजलं नव्हतं. आणि चौदा वर्षांनी ते विचारायचं कुणाला? रोज जिन्यात बोलणाऱ्या शेजाऱ्याला एक दिवस "तुमचं नाव काय हो?" असं विचारण्यापैकीच ते होतं.

म्हणून त्यांनी बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स धरला, आणि घाईघाईने रोज दोन-दोन धडे उरकायला लागले. अभ्यासाची जागा म्हणजे बायकोच्या ड्रायक्लिनिंगच्या दुकानाची मागची खोली. ऑफिस सुटलं की ते तिथे टांगलेल्या कोटांच्या रांगेत स्टूल टाकून बसत आणि कानात इअरफोनची बोंडं घालत. पडद्यावरचे मास्तर केस न विंचरता आलेले एक उत्साही गृहस्थ होते. ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं होतं की असले धडे दीडपट वेगाने बघायचे. पहिल्या आठवड्यात आजोबांनी तसे बघितले. दुसऱ्यात वेग एकपट झाला. तिसऱ्यात पाऊणपट, आणि मास्तर दोन पेग घेऊन आल्यासारखे बोलू लागले. आता मात्र समजायला लागलं.

पहिला झटका झाडांचा बसला. संगणकशास्त्रात माहिती झाडासारखी रचतात, आणि त्या झाडाचं मूळ वर असतं, पानं खाली. पदवी परीक्षेत आजोबांनी असं झाड काढलं असतं तर परीक्षकांनी घरच्यांना बोलावून घेतलं असतं. दोन दिवस त्यांना हा अपमान पचेना. तिसऱ्या दिवशी वही उलटी धरली आणि बरं वाटलं.

"हसताय काय एकटेच?" बायकोने काउंटरवरून विचारलं.

"प्रोग्रॅममधलं फंक्शन स्वतःलाच बोलावतं, अगं! आपणच आपल्याला बोलवायचं, त्याने पुन्हा आपल्याला, असं खाली खाली."

"त्यात नवल ते काय? तुमच्या आत्याबाई दर लग्नाला स्वतःच स्वतःला बोलावून घेतात."

"पण त्याला थांबायची अट घालावी लागते. नाहीतर सगळं कोसळतं."

"ती आत्याबाईंना घाला आधी."

गंमत म्हणजे, शिकताना आजोबांना सुख होत होतं. मुलाखत, बढती हे आठवेनासं झालं. चौदा वर्षं ज्या घरात राहिलो त्याच्या भिंतींतून नळ आणि तारा कुठून गेल्यात हे कुणीतरी दाखवावं, तसं वाटत होतं. त्यात थोडी लाजही होती. म्हणजे इतकी वर्षं आपण खिळे ठोकत होतो ते नशिबावरच.

*

आठव्या प्रकरणाच्या शेवटी एक चाचणी होती. विषय: दोन कामं एकाच वेळी एकच वस्तू वापरू लागली तर काय होतं. सहावा प्रश्न असा होता:

'एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामांचे निकाल अधूनमधून एकमेकांत मिसळत होते. त्याने मध्ये दोन सेकंदांचा विराम घातला. मिसळणे दिसेनासे झाले. विद्यार्थ्याने काय साधले?'

आजोबांनी प्रश्न दोनदा वाचला. मग त्यांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. आपल्याला कुणी बघत नाहीये ना?

पर्याय तीन होते. दोष दूर केला, दोष हलवला, दोष दुर्मीळ केला. आजोबांनी पहिला निवडला. लाल फुली आली. खाली मास्तरांची टीप होती: 'दोष दुर्मीळ केला. म्हणजे तो आहेच, फक्त आता सापडणार नाही. दुर्मीळ दोषाचं खापर नेहमी माणसावर फुटतं.'

आजोबांनी कानातली बोंडं काढली.

"काय झालं?" बायको कोटांच्या रांगेतून आत आली. "तोंड का असं उतरलं? नापास झालात?"

"एक विचारू? तुझ्याकडे एकाच कोटाला दोघांनी हात घातला तर?"

"घालतीलच कसा? बिल्ला आहे ना." तिने खिळ्याला लटकवलेला पितळी बिल्ला दाखवला. "डागवाल्याला कोट हवा असेल तर आधी बिल्ला उचलायचा. बिल्ला इस्त्रीवाल्याकडे असेल तर गप उभं राहायचं, तो परत टांगेपर्यंत. बिल्ला ज्याच्या हातात, कोट त्याच्या हातात. पहिल्या वर्षी हे नव्हतं तेव्हा वकिलाच्या कोटाला बँडवाल्याची बटणं लागली होती, विसरलात?"

"बिल्ल्याऐवजी दोघांना सांगितलं असतं, की हात घालण्याआधी दोन मिनिटं थांबा?"

"आणि आधीच्याला तीन लागली तर?" ती म्हणाली. "असला नियम कुठल्या मूर्खाने केलाय?"

आजोबा त्या मूर्खाला चांगले ओळखत होते.

आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. प्रोग्रॅमकडे रिपोर्ट मांडायचा कागद एकच होता. पहिल्याचं नाव मांडलं, आकडे मांडले, छापलं, मग दुसऱ्याचं. त्याला अर्धा सेकंद पुरायचा. दोन सेकंद थांबलं की चिंता नाही. पण एखाद्या दिवशी प्रिंटर अडकला आणि पहिल्यालाच पाच सेकंद लागले, तर दुसरा दोन सेकंद इमानदारीत थांबून त्याच कागदावर लिहायला बसणार. नाव एकाचं, आकडे दुसऱ्याचे.

नाव एकाचं, आकडे दुसऱ्याचे. आजोबांच्या डोळ्यांसमोर साठी उलटलेले एक गृहस्थ उभे राहिले, चालीसकट. या वेळी हसू आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी सहा वर्षांपूर्वीची नोंद उघडली. कुठल्या रिपोर्टला किती वेळ लागला हे प्रोग्रॅम टिपून ठेवायचा; ते वाचायची मात्र कधी कुणाला गरज वाटली नव्हती. त्या प्रकरणाच्या दिवशी सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी त्या लॅबचा प्रिंटर अडकला होता. नऊ सेकंद.

टायपिंगबाईंनी काहीही चुकीचं टाइप केलं नव्हतं.

मुलाखत सोमवारी होती. गप्प बसलं तर काय होईल, याचा आजोबांनी विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगला अर्धा तास केला. प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त करता आला असता. ओळ जुन्या साहेबांच्या नावावर होतीच, ते कुठे भांडायला येणार होते? सगळं ठीक झालं असतं, एक टायपिंगबाई सोडून. आणि त्यांच्याबद्दल तर फक्त एक गोष्ट होती. सगळ्यांना आवडणारी.

दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि त्या लॅबमध्ये गेले. चौकशी केली तेव्हा कळलं की बाई आता टायपिंगला नाहीत. त्या प्रकरणात त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसवलं. आजोबा खिडकीशी रांगेत उभे राहिले.

"पावती?" बाई वर न बघता म्हणाल्या. पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीला बांधलेला.

"पावती नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीतून आलोय."

"मग तर पावती हवीच," बाई म्हणाल्या. "बाजूला थांबा."

आजोबा थांबले. बाई प्रत्येक रिपोर्ट घेत, यंत्राशेजारून आलेली हातची चिठ्ठी त्याला लावत, दोन्हींवरून बोट फिरवत, आकडा न् आकडा. मग शिक्का. रांग कुरकुरत होती. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"हे तुमच्या कामात आहे?" रांग संपल्यावर आजोबांनी विचारलं.

"काय, ताडून बघणं? नाही. माझं काम म्हणजे नाव विचारायचं आणि हसून द्यायचं."

"मग का बघता?"

बाईंनी खणातून एक वही काढली. तारीख, वेळ, दोन-दोन चिठ्ठ्यांचे नंबर. "सतरा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत सतरा वेळा अदलाबदल. परत छापून घेतले. या खिडकीतून चुकीचा एकही बाहेर गेला नाही."

आजोबांनी तारखा वाचल्या. "कुणाला सांगितलं नाहीत?"

"पहिल्यांदा सांगितलं होतं, की मी केलं नाही म्हणून. तेव्हा ही खिडकी मिळाली. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर खिडकीच्या त्या बाजूला उभी असते, तुमच्याजवळ."

"चूक तुमची नव्हतीच. प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे. ती एका माणसाने लिहिली होती, न समजता."

"आहे का तो माणूस अजून?"

"आहे."

"बरं चाललंय ना त्याचं?"

"तसं बरं आहे. बढती व्हायची आहे."

बाईंनी चष्मा लावला. मघाशी चिठ्ठीवरून बोट फिरवलं होतं तशी नजर आजोबांवरून सावकाश फिरवली, आणि ताडून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हीच ना?"

"हो."

"हं." त्यांनी वही सरकवली. "उतरून घ्या. पण वही परत हवी. तुमचा काय भरवसा?"

*

गुरुवारी मॅडमनी ओळ पडद्यावर लावली. "कारण सापडलं का कुणाला? नाहीतर काढते."

"काढू नका," आजोबा म्हणाले. "म्हणजे काढाच, पण आधी दुसरं काहीतरी बसवू दे. ती मी लिहिली आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं: एकच कागद, नऊ सेकंद, सतरा वेळा. गोष्ट सांगण्यात हातखंडा असूनही ही नीट जमली नाही. मध्ये मध्ये अडखळले. कुणी हसलं नाही. शेवटी मागून एक दुखावलेला आवाज आला, "म्हणजे... जुने साहेब नव्हते?" दोषापेक्षा जुने साहेब गेल्याचं दुःख जास्त होतं.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"का चालतं ते कळत नव्हतं. आणि कळत नाही, एवढंच सांगायला जमलं नाही." आजोबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "त्या बाईंचं चुकलं, हे मात्र आपण सगळे कोरसमध्ये म्हणत होतो. सांगायला मी, म्हणायला तुम्ही."

मॅडमनी पडदा बंद केला. सोमवारची मुलाखत पुढे ढकलली गेली. कधीपर्यंत, ते कुणी सांगितलं नाही आणि आजोबांनी विचारलं नाही. नव्या लॅब थांबल्या. दोन आठवडे आजोबा आणि मॅडम शेजारी बसून काम करत होते. जुन्या लॅबना सावध करणारं पत्र आजोबांनी लिहिलं. बाईंच्या वहीतून उतरून घेतलेली यादी त्यांनी चाचणीसाठी पुढ्यात ठेवली. एका वेळी एकालाच कागद मिळेल असं कुलूप प्रोग्रॅममध्ये बसलं. त्याला नाव काय द्यायचं असं मॅडमनी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "बिल्ला." मॅडमनी का म्हणून विचारलं. या वेळी त्यांना कारण सांगता आलं.

ती ओळ आजोबांनी स्वतः पुसली, स्वतःच्या लॉगिनने. कुणाचंही लग्न मोडलं नाही.

राहिलं होतं बाईंचं पत्र. दोष सॉफ्टवेअरचा होता, बाईंचा नव्हता, ताकीद रद्द समजावी, असं कंपनीच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून आलं. पोस्टाने पाठवू म्हणाले तर आजोबांनी ते हिसकावूनच घेतलं आणि खिडकीशी रांगेत जाऊन उभे राहिले.

"पावती?" बाई म्हणाल्या, आणि मग वर बघितलं.

त्यांनी पत्र घेतलं. चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं, सावकाश, आकडा न् आकडा, अक्षर न् अक्षर. बोट परत वर गेलं आणि नावावर थांबलं.

"तुमचंच आहे ना?" आजोबांनी काळजीने विचारलं.

"जवळजवळ. एक काना राहिलाय."

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी चटकन खिशातून पेन काढलं आणि पत्र ओढून घ्यायला हात पुढे केला. "एवढंच ना? आत्ता देतो काढून. दोन सेकंद—"

बाईंनी पत्रावर तळवा ठेवला.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "वरून चिकटवलेला नको. मुळात दुरुस्त करून, नवीन छापून आणा."

आणि शिक्का उचलून त्यांनी मागच्या माणसाची पावती घेतली. "जा निवांत. थांबते मी."